हळदीकुंकू : एका फुलपाखराचे नाव

पिवळे पंख, कडेला लाल ठिपके. मुक्ताईनगरच्या शिवारातही दिसणाऱ्या या फुलपाखराला मराठीत ‘हळदीकुंकू’ म्हणतात. इंग्रजीत ते ‘कॉमन जेझेबेल’. जेझेबेल ही बायबलमधली राणी. तिचे नाव बाईला शिवीसारखे वापरले गेले. एका नावात स्त्रीची बदनामी, दुसऱ्यात विधवेला दाराबाहेर ठेवणारा समारंभ!

विज्ञान वेगळेच सांगते. याची अळी झाडावरच्या बांडगुळावर वाढते. लाल-पिवळा रंग पक्ष्यांना बजावतो, ‘मी खाण्याजोगे नाही.’ तो सौभाग्याचा नव्हे, स्वसंरक्षणाचा रंग आहे.

पुस्तकातले नाव मुलांना जरूर शिकवा. पण रंगाचा अर्थही सांगा. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या धम्मात भगिनीची किंमत कुंकवावर ठरत नाही, हे आम्ही विसरू नये.