हरवलेल्या आईचा शोध

रहस्यकथा म्हटली कीं खून, गुप्त पत्र अथवा चतुर गुप्तहेर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु रहस्य निर्माण होण्यास यांपैकीं कशाचीच आवश्यकता नसते. घरांतील आई एके दिवशीं दिसेनाशी झाली, एवढेंहि पुरे होतें.

हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. विदर्भांतील पद्मपूरचा कवि भवभूति यानें आठव्या शतकांत ‘उत्तररामचरित’ हें नाटक रचिलें. त्यांत सीतेच्या त्यागास बारा वर्षें लोटलीं आहेत. ती मृत झाली असें राम समजतो, आणि लव-कुश वाल्मीकींच्या आश्रमांत वाढत असतात. तिसऱ्या अंकांत पंचवटीच्या वनांत राम शोकानें मूर्च्छित पडतो. सीता अदृश्य रूपानें तेथेंच असते, व तिच्या स्पर्शानें तो शुद्धीवर येतो. ती जिवंत आहे हें प्रेक्षक जाणतात, राम जाणत नाहीं. या अंतरांतूनच उत्कंठा वाढत जाते.

दुसऱ्या प्रकारांत वाचकासहि कांहीं ठाऊक नसतें. कोरियन लेखिका क्यंग-सूक शिन यांची २००८ सालची कादंबरी अशी आहे. २०११ सालीं ती ‘प्लीज लुक आफ्टर मॉम’ या नांवानें इंग्रजींत आली. मुलांकडे आलेले वृद्ध आईबाप सोलच्या स्थानकांत शिरतात. बाप संवयीप्रमाणें पुढें चालतो व डब्यांत चढतो. मागें वळून पाहतो, तों आई नाहीं. मुलें शोधाचें पत्रक लिहावयास बसतात आणि तेथेंच अडतात. आईचें जन्मवर्ष १९३८ कीं १९३६? तिचें अलीकडचें छायाचित्रहि सांपडत नाहीं. मुलगी लेखिका, पण निरक्षर आई तिचें पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घेत असे, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. मुलगी, मुलगा, पति असे एकेक जण आपापल्या आठवणी उलगडूं लागतात, आणि ‘आई कोठें गेली?’ या प्रश्नाच्या जागीं ‘आई कोण होती?’ हा प्रश्न उभा राहतो. आमच्या मतें खरें रहस्य तें हेंच. शेवट सांगून वाचकांचा रस आम्ही हिरावून घेत नाहीं.

आपल्या मावळांतील बेडसे येथील लेण्यांत पाण्याच्या टांक्याजवळ एक ब्राह्मी लेख आहे. महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिचें हें दान, असें तो सांगतो. सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि तिच्या पित्याचें व पतीचें नातें सांगतां येतें, आणि तिचें स्वतःचें नांवहि उरलें आहे. आपल्या घरीं मात्र ‘आई’ या एका शब्दाखालीं तिचें नांव, तिचें माहेर, तिचें बाळपण, सारें झांकून जातें.

विद्यार्थिमित्रांनो, आज रात्रीं जेवणानंतर आईजवळ बसा. ती लहानपणीं कोठें खेळली, कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली, तिला काय व्हावयाचें होतें, हें विचारा. पालकांनींहि तें ऐकावें. आई हरवल्यावर हे प्रश्न विचारावयास कोणी उरत नाहीं.