श्वानपालन, नागरी
नगरातील घरात सोबतीसाठी वा राखणीसाठी पाळलेल्या कुत्र्याचा आहार, व्यायाम, रोगप्रतिबंध व दैनंदिन निगा यांचा विचार नागरी श्वानपालनात केला जातो. खेड्यातील कुत्रा अंगण, गोठा, शेत यांमध्ये मोकळा वावरतो; सावली, गारवा व सोबत तो स्वतः शोधतो. सदनिकेतील कुत्र्याला हे स्वातंत्र्य नसते. त्याने केव्हा खावे, केव्हा बाहेर पडावे, किती वेळ एकटे राहावे हे सर्व मालक ठरवितो. त्यामुळे शहरी कुत्र्याच्या पुष्कळशा विकारांचे मूळ त्याच्या शरीरात नसून मालकाच्या निर्णयांत असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरातील परिस्थिती विचारात घेतली आहे. (→ कुत्रा).

जातीची निवड : कुत्रा घरी आणण्यापूर्वीच त्याच्या आरोग्याचा निम्मा निकाल लागलेला असतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगावर घाम येत नाही. घामाने गारवा मिळवून देऊ शकणाऱ्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांपुरत्याच असतात. शरीरातील जादा उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितो. धापा टाकताना जीभ, तोंड व नाक यांच्या ओलसर अंतस्त्वचेवरून पाण्याचे बाष्पीभवन होते व तेथील रक्त थंड होते. हवा कोरडी असेल तर ही क्रिया उत्तम चालते. परंतु हवेतच बाष्प भरपूर असेल, तर बाष्पीभवन मंदावते व धापा टाकण्याचे श्रम मात्र वाढतात. मुंबईत जुलै–ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून ३२° से. तापमानाचा कोरडा दिवस कुत्र्याला सोसतो, तर त्याच तापमानाचा दमट दिवस सोसत नाही.

बसक्या नाकाच्या जातींमध्ये (उदा., पग, बुलडॉग) ही अडचण दुप्पट होते. त्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात व मृदू तालू घशाच्या मानाने लांब असल्याने हवेचा मार्ग अडतो. झोपेत त्यांचे घोरणे मालकांना गमतीचे वाटते. वस्तुतः ते श्वसनमार्गातील अडथळ्याचे लक्षण आहे. भारतात २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि शहरांतून त्याची मागणी एकाएकी वाढली. जाहिरातीतील कुत्रा मुलामागे सर्वत्र धावतो. प्रत्यक्षात मे महिन्यातील दुपारी असे धावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड या दाट दुहेरी केसांच्या जाती थंड प्रदेशातील होत. वातानुकूलित खोलीत डांबून त्यांना येथे जगविता येते, पण त्याला पालन म्हणणे कठीण आहे. उलट रस्त्यावर जन्मलेला देशी कुत्रा आखूड केसांचा, बांध्याने सडपातळ व या हवेला सरावलेला असतो. दख्खनमधील कारवान (मुधोळ हाउंड) हाही काटक कुत्रा आहे. मात्र तो शिकारीसाठी वेगाने धावण्याकरिता जोपासलेला असल्याने, रोज मोकळ्या मैदानावर नेण्याची सोय नसलेल्या घराने तो पाळू नये.

उष्माघात : कुत्र्याचे शरीराचे तापमान सामान्यतः ३८° ते ३९.२° से. असते. ते ४१° से. च्या वर गेल्यास मेंदू, वृक्क व यकृत यांना इजा पोहोचते. अखंड धापा, गडद लाल हिरड्या, दाट लाळ, लटपटणारी चाल, ओकारी ही पूर्वलक्षणे होत. अशा वेळी कुत्र्यास सावलीत आणून नळाच्या पाण्याने सर्वांग भिजवावे, पंख्याचा वारा घालावा आणि त्यानंतरच दवाखान्यात न्यावे. आधी थंड करणे व मग नेणे हा क्रम महत्त्वाचा आहे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उष्णता आतच अडते. बंद मोटारगाडीत कुत्र्याला काही मिनिटेही ठेवू नये.

व्यायाम व सहवास : फिरावयास नेण्याची वेळ सूर्योदयाच्या सुमारास व सूर्यास्तानंतर ठेवावी. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकविणे असह्य होत असेल, तर पंजांनाही तो रस्ता भाजतो. पुष्कळ मालक कुत्र्यास खाली नेऊन मलमूत्र विसर्जन होताच परत आणतात. यास व्यायाम म्हणता येत नाही. कुत्र्याचे जग प्रामुख्याने वासाचे असल्याने थांबत, हुंगत केलेली संथ फेरीही त्याला सरळ चालीइतकीच आवश्यक असते. दिवसाचे आठ-दहा तास कुलुपबंद घरात एकटा राहणारा कुत्रा भुंकतो, दारे कुरतडतो, स्वतःचे पंजे चाटून जखमा करून घेतो. शेजारी त्याला द्वाड ठरवितात. वस्तुतः तो कंटाळलेला असतो.

पिलाच्या स्वभावाची घडण फार लवकर होते. अमेरिकेतील जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळात पिलू ज्यांच्या सहवासात येते त्यांना ते आपले मानते. हा काळ एकांतात गेला, तर पुढे ते भित्रे वा आक्रमक होते. नेमक्या याच काळात लसीकरण अपुरे असल्याने त्यास रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे पिलाला कडेवर घेऊन जिना, उद्‌वाहन, वाहतुकीचा आवाज, लहान मुले यांची ओळख करून द्यावी व जमिनीवर उतरवू नये.

आहार : हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या कुत्र्यास पिष्टमय पदार्थ पचविता येतात, लांडग्याच्या तुलनेत त्याच्या ठिकाणी पिष्ट पचविणाऱ्या एंझाइमाच्या जनुकाच्या प्रती अधिक असल्याचे २०१३ मध्ये आढळून आले. म्हणून भाकरी वा भात वर्ज्य नाही. परंतु नुसती दूधभाकरी प्रथिनांच्या दृष्टीने अपुरी पडते. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्कराही पचत नाही. याउलट केवळ मांसावर वाढविलेल्या पिलास कॅल्शियम कमी व फॉस्फरस जास्त मिळून त्याची हाडे ठिसूळ व वाकडी होतात. शिजविलेल्या कोंबडीच्या हाडांचे तुकडे टोकदार होऊन आतड्यास भोक पाडतात. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, द्राक्षे व बेदाणे यांमुळे वृक्के निकामी होऊ शकतात, तर चॉकलेट हृदय व तंत्रिका तंत्र यांना विषारी ठरते. मसालेदार रस्सा कालवून दिलेला भात ही आपल्याकडील नेहमीची चूक होय.

खरा धोका मात्र अतिपोषणाचा असतो. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांना जन्मभर अभ्यासून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जोडीदाराच्या पाऊणपट अन्नावर राहिलेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे दोन वर्षांनी अधिक भरले. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात ही घरगुती कसोटी पुरेशी आहे.

रोगप्रतिबंध : पिलास पहिली लस वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात व १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा टोचतात. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे लसीचा प्रभाव निष्फळ करू शकतात आणि ती प्रत्येक पिलात वेगवेगळ्या वेळी नाहीशी होतात, म्हणून ही पुनरावृत्ती आवश्यक ठरते. एक टोचणी झाली म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांतच पार्व्हो विषाणूने पिले दगावतात. हा विषाणू १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला व अल्पावधीत जगभर पसरला. रक्तमिश्रित जुलाब व ओकाऱ्या यांनी पिलू दोन-तीन दिवसांत मरू शकते. जमिनीवर तो कित्येक महिने टिकतो. साध्या साबणाने तो मरत नाही, विरंजक द्रावाने मरतो.

मुंबईच्या पावसाळ्यातील विशेष धोका लेप्टोस्पायरोसिसाचा आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात व ओरखडा पडलेल्या त्वचेतून वा तोंडावाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात माणसांमध्ये या रोगाची मोठी साथ उद्‌भवली. कुत्र्यास ताप, कावीळ, मूत्र बंद होणे ही लक्षणे दिसतात व त्याच्या मूत्रातून घरातील माणसांनाही संसर्ग होऊ शकतो. लस दरवर्षी द्यावी लागते व ती ठराविक प्रकारच्या जंतूंपासूनच संरक्षण देते; म्हणून तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्यास न नेणे हाच मुख्य उपाय.

तपकिरी गोचीड हा सदनिकेतील आणखी एक शत्रू. इतर अनेक गोचिडी रानात वाढतात. ही मात्र आपले सर्व आयुष्य कुत्रा व घर यांमध्येच काढते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावून घर तसेच ठेवल्यास उपयोग होत नाही. तिच्यामुळे एर्लिकिया व बॅबेसिया यांचे रोग होतात. बॅबेसिया गिब्सोनाय ही जाती १९१० मध्ये मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात प्रथम वर्णिली गेली. फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद मूत्र यांपैकी काही दिसल्यास त्वरित रक्त तपासावे.

अलर्क रोगाची (रेबीज) लस तिसऱ्या महिन्यात व पुढे नियमाने द्यावी. घराबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यास ती नको, हा समज घातक आहे. फाटकातील एक चावा पुरतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. माणसास कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून लगेच रुग्णालय गाठावे. पाळीव कुत्र्याची सुरक्षितता रस्त्यावरील कुत्र्यांपासून वेगळी करता येत नाही. भटकी कुत्री मारण्यावरून मुंबईत १८३२ मध्ये दंगल झाली होती; आता निर्बीजीकरण व लसीकरण हेच अधिकृत धोरण असून त्यासंबंधीचे २००१ चे केंद्रीय नियम २०२३ मध्ये नव्याने करण्यात आले. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांचे व्यापक लसीकरण करून मानवी मृत्यू झपाट्याने घटविण्यात आले.

इतर निगा : स्नान वारंवार घालू नये; त्वचेतील तेलकटपणा जाऊन खाज सुटते. पावसाळ्यात पंजे व लोंबत्या कानांचा आतील भाग कोरडा करावा, अन्यथा बुरशी वाढते. कुत्र्याची विष्ठा मालकाने उचललीच पाहिजे, कारण तिच्यातील अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या त्वचेत शिरतात. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कुत्री पळून जातात. त्या दिवसांत गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. प्रजननासाठी न ठेवलेल्या मादीचे निर्बीजीकरण करणे हिताचे असते, कारण उतारवयात माजानंतर तिच्या गर्भाशयात पू होण्याचा विकार सर्रास आढळतो. माजानंतर काही आठवड्यांनी मादी फार पाणी पिऊ लागली व अन्न टाकले, तर त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.