डोळे उघडले, दिवस उमटला नाही

पेडण्यात किंवा डिचोलीत दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आणतात, तेव्हा बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो: ‘शुद्धीर आयला?’ आत मात्र त्या एका प्रश्नाचे तीन होतात. डोळे कशाने उघडतो? काय बोलतो? हात-पाय कसे हलवतो?

ही मोजणी ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगोत मांडली. आज ती अशी: डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. यंत्र लागत नाही. मानेजवळचा स्नायू दाबला की रुग्णाचा हात उचलला जाऊन थेट दाबणाऱ्या बोटांकडे येतो, की नुसताच आखडतो, एवढे पाहायचे. हात नेमका तिथे आला, तर हाक मारल्यावर ओ न देणाऱ्या त्या मेंदूलाही दुखतेय कुठे, हे कळते आहे! मला याचे नवल अजून सरलेले नाही. बोलण्याचे गुण देताना मात्र भाषा सांभाळावी लागते. आयुष्यभर कोकणी बोललेल्या आजोबांना इंग्रजीत विचारून ते गप्प राहिले, तर चूक त्यांच्या मेंदूची नाही. ‘तूं खंय आसा?’ असेच विचारायला हवे.

पण खरे गूढ पुढे आहे. रुग्ण डोळे उघडतो, आईला ओळखतो, पेज जेवतो, हसतो. गुण १४, कधी पूर्ण १५ सुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, मला भेटायला कुणीच आले नाही. माणूस जागा आहे, पण दिवस आत उमटत नाही. नव्या आठवणी रुजवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे आणि त्याच्याशी जोडलेल्या जाळ्याचे काम विस्कटलेले असते. तरीही फिजिओथेरपीचा व्यायाम रोज थोडा सुधारतो. आपण तो काल केला होता हे न आठवताच! हात शिकतात, माणसाला पत्ता नसतो.

दिवस आत न उमटण्याचा हा काळ जितका लांबतो, तितकी इजा गंभीर मानतात. म्हणून १९७९ साली अमेरिकेत गॅल्व्हस्टन इथे हार्वे लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी रोज विचारता येतील असे प्रश्न बांधले: नाव, गाव, आज वार कोणता, अपघाताआधीचे शेवटचे काय आठवते, नंतरचे पहिले काय? १०० मधून चुकांचे गुण वजा करायचे. ७६ किंवा जास्त उरले की गाडी रुळावर येते आहे.

अपघाताआधीची पोकळीही हळूहळू आक्रसते. आधी काही आठवडेच पुसलेले असतात, मग दिवस, मग तास. समजा, शेवटी धारगळपर्यंतचा रस्ता आठवू लागतो. धडकेआधीची काही मिनिटे मात्र बहुधा परत येत नाहीत. ती मेंदूत पक्की व्हायच्या आतच घाला पडलेला असतो.

म्हणून घरच्यांनी रागावू नये, परीक्षा घेऊ नये. आपण कोण, तो कुठे आहे, हे पुन्हा पुन्हा शांतपणे सांगावे. डॉक्टर रोज सकाळी तेच प्रश्न विचारतात, आणि ज्याची सगळे वाट पाहतात ते उत्तर त्या प्रश्नांच्या यादीत नसतेच. एके दिवशी रुग्ण जरा वैतागून म्हणतो, ‘तुमी हें कालूय विचारिल्लें!’