गणित राहिले, शिक्षण राहू नये



दहावीच्या निकालादिवशी काही घरांत पेढे वाटले जातात, तर काही घरांत 'गणित राहिले' एवढेच हळू आवाजात सांगितले जाते. त्या मुलाचे पुढे काय होते?

आपल्या राज्यात त्याच्यासाठी दार बंद झालेले नाही. 2015 पासून राज्य मंडळ निकालानंतर थोड्याच काळात पुरवणी परीक्षा घेते. एक-दोन विषय राहिले असल्यास 'एटीकेटी'च्या सवलतीने अकरावीत प्रवेशही मिळतो. परंतु परीक्षा दुसऱ्यांदा मिळाली, तरी शिकवणारा मिळतोच असे नाही. मग उमेद खचते आणि शिक्षण सुटते.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांपुढेही हाच प्रश्न होता. गणितात कच्च्या विद्यार्थ्यांना तेथे मुख्य अभ्यासक्रमाआधी उपचारात्मक गणिताचे वर्ग एकापाठोपाठ करावे लागत. समजा, अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरातील 70 जण पुढे जातात. तर अखेरीस केवळ 34 उरतात! न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने अशा विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून प्रयोग केला. 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचारात्मक बीजगणिताच्या वर्गात सुमारे 39 टक्के उत्तीर्ण झाले. मात्र थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्र आणि जोडीला दर आठवड्याची जादा कार्यशाळा मिळालेल्यांपैकी सुमारे 56 टक्के यशस्वी झाले. तात्पर्य, मुलाला मागे थांबवून न ठेवता पुढे नेत असतानाच आधार द्यावा.

हा आधार त्याच्या भाषेत हवा. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. सामान्यांना कळावे म्हणून या पंथाने मराठीचा आग्रह धरला. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. ती शिकवण गणितालाही लागू पडते. संत्र्याच्या बागेतील मजुरीचा हिशेब तोंडी चोख करणारा मुलगा पुस्तकातील शाब्दिक उदाहरणापुढे अडू शकतो. त्याला आकडेमोड येते. वाक्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून पालकांनो, 'तुला गणित जमणारच नाही' असे म्हणू नका. अपूर्णांक, ऋण संख्या की समीकरण, नेमके कोठे अडते ते शोधा. धर्मग्रामातील शिक्षकांनी व महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा मुलांसोबत बसावे. गणितात राहिलेल्या मुलाला कोणीतरी सोबत आहे एवढे जरी जाणवले, तरी तो पुन्हा वही उघडेल.