गिट्टीच्या रस्त्याला टायर कोणता?

गाडी घेताना आम्ही मायलेज विचारले, रंग पाहिला, विम्याचे कागद तपासले. टायरकडे कुणी वाकूनही पाहिले नाही. चार टायर काळे दिसत होते, नक्षी शाबूत होती, बस्स. आमच्यासारखीच बहुतेक घरे गाडी अशीच घेत असतील, म्हणून हा लेख.

आमचे घर सालेकसा तालुक्यात, आमगाव-सालेकसा-दरेकसा रस्त्यापासून साडेचार किलोमीटर आत. अम्मीचे डायलिसिस गोंदियाला, आठवड्यातून दोनदा. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग तालुक्यातूनच जातो, पण डायलिसिस करून आलेल्या माणसाने जिना चढावा, गाडीची वाट पाहत फलाटावर बसावे आणि मग घरापर्यंत ऑटो शोधावा, हे होत नाही. म्हणून भाईजानने जुनी बलेनो घेतली, स्मार्ट हायब्रिड. ही गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ताकद ती लहानशा लिथियम बॅटरीत साठवते आणि गाडी उचलताना इंजिनाला हातभार लावते. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतात. आठवड्याचे दोनशे, वर्षाचे दहा हजार. त्यामुळे लिटरमागे एक-दोन किलोमीटर जास्त मिळाले तरी घराला ते जाणवते.

या शंभरात कच्चा रस्ता फक्त नऊ किलोमीटरचा. पण टायर मेला तो त्या नऊ किलोमीटरमध्येच.

मागचा ऑगस्ट. नाल्याच्या रपट्याजवळ पावसाने मुरूम वाहून गेला होता आणि खड्ड्यात कुणीतरी गिट्टीची ट्रॉली रिकामी केली होती. रोलर फिरलेला नव्हता. गिट्टी म्हणजे फोडलेला दगड, प्रत्येक तुकड्याला धार. डावे मागचे चाक कडेच्या दगडाला घासले आणि हवा फुस्स करून गेली. स्टेपनी काढली तर तिच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या. तिच्यावर वीसच्या वेगाने सरकत सालेकसा गाठले. गोंदियाला पोहोचलो तेव्हा अम्मीची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा मिळाली, पण ती रात्र अम्मीने पलंगावर बसून काढली. आडवे झाले की दम लागायचा. आम्ही आळीपाळीने पाठ चोळत होतो आणि मनात एकच विचार फिरत होता: गाडीत पेट्रोल होते, ड्रायव्हर होता, वेळ होता, चुकले कुठे?

उत्तर दिले ते सालेकसाच्या पंक्चरवाल्या चाचांनी. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या समाजाला टोमणा म्हणून किती सहज मारला जातो, ते वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी मात्र घरातल्या पदवीधरांना जे ठाऊक नव्हते ते या माणसाला बोटांच्या टोकांनी कळत होते. टायर उलटा करून, आतून हात फिरवत ते म्हणाले, “नक्षीत खिळा घुसला तर मी आहे. बाजू फाटली तर कुणी नाही. बाजू गेली की टायर गेला, बेटा.”

सगळी निवड या एका वाक्यावर उभी आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागात पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे छिद्र पडले तर आतून मशरूम पॅच लावता येतो. बाजूच्या भिंतीत मात्र पॉलिएस्टरच्या धाग्यांचे एक किंवा दोन थर असतात आणि प्रत्येक फेऱ्याला ती भिंत दबते, सुटते. तिथे लावलेले ठिगळ टिकत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या डब्यातला चिकट द्रवही फाटलेली बाजू बुजवत नाही. २०२०च्या नियमबदलापासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते. आत गावात राहणाऱ्याने गाडी घेण्यापूर्वी डिकी उघडून पाहावे: स्टेपनी आहे का, आणि असली तर पूर्ण मापाची आहे का. तिची हवाही तपासावी. आम्ही ती तपासलीच नव्हती.

आता माप. आमच्या गाडीला होते १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. १९५चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर. याच बलेनोच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. त्याची भिंत १२० मिलिमीटर, म्हणजे रिम आणि दगड यांच्यामध्ये १३ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा. बाहेरून मोजले तर दोन्ही चाके जवळजवळ सारखीच, ६२१ मिलिमीटर. स्पीडोमीटर चुकत नाही, गाडी खाली-वर होत नाही. फरक इतकाच की वरच्या मॉडेलमध्ये दिसायला झकपक मोठा अलॉय आणि त्याभोवती पातळ टायर, खालच्यात साधा लोखंडी रिम आणि जाड भिंत. जास्त पैसे मोजून आपण कच्च्या रस्त्यासाठी कमजोर चाक विकत घेतो. लोखंडी रिम वाकला तर ठोकून सरळ होतो, अलॉयला तडा गेला की तो गेलाच.

आम्ही चार जुने लोखंडी रिम मिळवले आणि १५ इंचांवर आलो. हे कुठल्याही गाडीला करता येत नाही. त्याच मॉडेलला कंपनी ते माप देत असेल तरच करावे, कारण आत ब्रेक बसला पाहिजे. गाडीला आधीच १५ इंच असतील तर प्रश्नच नाही. ‘थोडा रुंद टाका, भारी दिसतो’ असे दुकानात सांगतात. १९५/६५ घातला तर गाडी साडेसहा मिलिमीटर वर उचलली जाते हे खरे, पण चाक जड होते आणि स्पीडोमीटर दोन टक्के कमी दाखवतो. एवढ्यासाठी तो खटाटोप करू नये.

हायब्रिड गाडीची एक खास अडचण आहे. मायलेज हेच तिचे भांडवल, म्हणून कंपनी तिला बहुधा सहज लोळणारा हलका टायर देते. डांबरावर तो उत्तम. वजन वाचवायचे तर रबरही बेताचेच, आणि त्याची किंमत गिट्टीवर कळते. मग दुसऱ्या टोकाला जाऊन जीपसारखे खडबडीत ऑल-टेरेन टायर घालावेत का? आमच्या धाकट्याची तीच मागणी होती. पण शंभरातले एक्क्याण्णव किलोमीटर डांबर आहे. त्यावर तो टायर घोंघावतो, ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेऊ शकतो आणि पेट्रोल खातो. शिवाय लहान गाडीच्या मापात तो मिळणेही कठीण.

मधला रस्ता म्हणजे साधाच टायर, पण भिंत मजबूत. त्याने मायलेज लिटरला बावीसवरून एकवीसवर आले असे धरू. वर्षाच्या दहा हजार किलोमीटरला साधारण बावीस लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर सव्वादोन हजारांच्या आसपास. एक टायर फाटला तर पाच-सहा हजार जातात, आणि अम्मीची ती रात्र या हिशेबात धरलेलीच नाही.

भिंत मजबूत आहे हे ओळखायचे कसे? टायरवरच वाचायचे. बऱ्याच टायरांच्या बाजूला बारीक अक्षरांत थर लिहिलेले असतात: नक्षीखाली पॉलिएस्टर किती, पोलाद किती, नायलॉन किती, आणि बाजूला पॉलिएस्टर किती. बाजूला एक लिहिले असेल तर ठेवून द्यावा, दोन असेल तर पुढचे बोलावे. मापानंतरचा ८८ हा आकडा म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार. याच मापात ९२ आकड्याचा ‘एक्स्ट्रा लोड’ टायर असतो, तो ६३० किलो पेलतो. गाव लहान, दुकाने कमी, त्यामुळे तो मागवावा लागतो. आणि एक गैरसमज: ‘जास्त टिकणारा’ म्हणून विकले जाणारे टायर, उदाहरणार्थ अपोलोचा अमेझर फोर-जी लाइफ किंवा सिएटचा मिलेझ, यांतला टिकाऊपणा मुख्यतः नक्षी झिजण्याबद्दलचा असतो. भिंतीचे वेगळे विचारावे लागते.

आम्ही घेतलेल्या टायरचे नाव देत नाही. एकच कंपनी तीन स्वभावांचे टायर बनवते आणि दोन वर्षांत नावे बदलते.

जन्मतारीखही वाचावी. बाजूला लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एका दुकानात आम्हाला ‘खास सवलतीत’ दाखवलेल्या टायरवर होते १४२१, म्हणजे २०२१चा चौदावा आठवडा. सवलत कशाची होती ते कळले. आयएसआय चिन्ह तर सक्तीचेच आहे. काही टायरांवर बीईईचे तारेही असतात. ते पेट्रोल बचतीचे असतात, मजबुतीचे नाहीत.

चार टायर म्हणजे वीस हजारांच्या वर. दुकानदाराने हप्त्यांची सोय सांगितली, पण त्यात व्याज होते, म्हणून आम्ही नको म्हटले. भाभीची बीसी निघायला दीड महिना होता. तेवढ्या काळासाठी आधी दोन घेतले. दोनच घेतले तर कुठे लावायचे यावर वाद झाला. पुढची चाके लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे, असे बहुतेक जण म्हणतात. लावायचे मात्र मागे. ओल्या वळणावर मागचे चाक सुटले की गाडी फिरते आणि स्टिअरिंगने सावरता येत नाही.

हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढीच, आणि सकाळी टायर थंड असताना. कच्च्या रस्त्यावर हवा कमी ठेवावी असे ऐकून आम्हीही तसे करत होतो. ते वाळूसाठी ठीक आहे. दगडांवर कमी हवेचा टायर बाजूंनी फुगतो आणि नेमकी कमजोर भिंत गिट्टीपुढे करतो. चाचांच्या मते आमचा पहिला टायर अर्धा दगडाने मारला, अर्धा आम्ही.

आता जुम्याच्या सकाळी धाकटा हवा तपासतो आणि नक्षीत अडकलेले खडे काढतो. रस्त्यातली इजा करणारी वस्तू दूर करणे हाही सदका आहे, हे त्याने मदरशात ऐकले आहे. त्यामुळे रपट्यापर्यंत जाऊन बाभळीचे काटे आणि सेंट्रिंगच्या तारा उचलण्याचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले आहे. एका डब्यात खिळे साठले आहेत, ते तो मोजून सांगतो.

रपट्याजवळ गेल्या आठवड्यात पुन्हा नवी गिट्टी पडली. रोलर अजून आलेला नाही. डायलिसिसच्या दिवशी आम्ही पाऊण तास आधी निघतो. गिट्टीपाशी एक जण उतरून पुढे चालतो आणि गाडी त्याच्या मागून येते.