राणीच्या बागेतले पाहुणे

अलोऱ्याच्या माणसाने झाडं बघायला मुंबईला जावं, हे ऐकूनच कुणी हसेल. कुंभार्ली घाटाखालचं आमचं गाव. शेजारी कोळकेवाडीचं धरण, कोयना प्रकल्पाची वसाहत, आणि पावसाळ्यात डोळ्यांना शिणवील इतकं हिरवं. तरी मुंबईला गेलेल्या पोराला नातलग भायखळ्याला नेणारच. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांना ती बाग जवळची होती. शिवाय पाहुण्यांसकट एका खोलीत रविवार काढायचा तरी कसा? पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बोलण्यात मात्र राणीची बागच.

पोरं आत शिरताच वाघ कुठाय विचारतात. खरं तर प्राणी इथे उशिरा आले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी ही बाग खुली केली, तेव्हा ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची होती. म्हणजे मूळ हेतू झाडांचाच. १८७३ साली सोसायटी बंद पडली, बाग नगरपालिकेकडे आली, आणि १८९० मध्ये प्राणिसंग्रहासाठी आणखी १५ एकर जोडले गेले. आज सगळं मिळून पन्नासेक एकर.

शेजारीच १८७२ साली सुरू झालेलं वस्तुसंग्रहालय आहे. आता त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे, आणि डॉक्टरही मुंबईत पाहुणेच, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. बेटाचं एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं, तोच. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून १९१४ मध्ये तो इथे उभा केला. फोर्टातला काळा घोडाही १९६५ साली इथेच आला. पाठीवर सातवा एडवर्ड आहे, पण नाव झालं ते घोड्याचं!

पेंग्विनांपुढे रांग असते. २०१६ साली ते सोलहून आले. काचेआड त्यांच्यासाठी गारवा राखलेला असतो. तिथे उभं राहिलं की कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर आठवतं. हा गारवा कोयनेच्याच विजेचा, असा दावा मी करणार नाही. तारेत शिरलेल्या विजेला गाव राहत नाही.

मी मात्र झाडांकडे वळतो. आफ्रिकेतली गोरखचिंच, हत्तीच्या पायासारखं खोड असलेली. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्याकडे येतात. ब्रह्मदेशातली उर्वशी, लाल फुलांचे लोंबते घोस मिरवणारी. आणि कैलासपती. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. फांद्या सोडून थेट खोडाला फुलतं, आणि फळं तोफेच्या गोळ्याएवढी. पण फुलात पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं, तेवढ्यावर आपल्या लोकांनी त्याला देवच करून टाकलं. एखादी आजी पडलेलं फूल उचलते, पदरात बांधते. पोरगं हात ओढत असतं, वाघ राहिला म्हणून.