उंचावरच्या धावपट्टीवरून ग्लायडर उडवणं अवघड का?

ग्लायडरला इंजिन नसतं, त्याला कुणीतरी वर खेचावं लागतं. पुण्यात हडपसरला विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने लांब केबल भराभर गुंडाळत, ग्लायडर वर जाताना काहींनी पाहिला असेल. आता हेच काम स्वित्झर्लंडमधल्या सामेदानला करायचंय असं समजा. तिथला विमानतळ ५,६०० फुटांवर आहे आणि ग्लायडरवाल्यांचा आवडता आहे. मला आधी वाटायचं, एवढ्या उंचीवरूनच सुरुवात म्हणजे अर्धं काम झालं! प्रत्यक्षात उलटं आहे.

उंचावर हवा विरळ असते, आणि ऊन तापलं की अजून विरळ होते. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ५,६०० फुटांवर प्रमाण तापमान साधारण ४ अंश धरतात. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे २५ अंश असेल तर फरक २१ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरा, झाले २,५२०. बेरीज ८,१२० फूट. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. धावपट्टी आहे तिथेच आहे, पण विमानासाठी ती ८,००० फुटांच्याही वर गेली.

मग होतं काय? समुद्रकिनारी ताशी १०० किमीला उचलणारा ग्लायडर इथे वारा नसताना ११३ ला उचलतो. धावण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सव्वापटीहून जास्त. गंमत अशी की कॉकपिटमधला मीटर तेव्हाही १०० च दाखवतो, कारण तो हवेचा दाब मोजतो. बाहेर मात्र जमीन जोरात पळताना दिसते. नवखा पायलट इथेच फसतो. वेग भरपूर झाला असं समजून तो दांडी लवकर ओढतो.

ओढणाऱ्या विमानाची हालत तर आणखी वाईट. टर्बो नसेल तर त्याच्या इंजिनाची जवळपास पाव ताकद गेलेली असते. धावपट्टी संपेपर्यंत जेमतेम उंची मिळते, आणि नेमका तेव्हाच दोर तुटला तर? मागे वळायला उंची पुरत नाही, समोर मोकळं शेत असेल तरच निभावतं. म्हणून धावपट्टीवरची एक खूण आधीच ठरवायची. तिथवर वेग आला नाही तर दोर सोडायचा, विषय संपला. हे दोर ताणल्यावर ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

मोटरग्लायडरला दोराची भानगड नाही. पण अनेकांचं इंजिन किंवा पंखा दांड्यावर बाहेर निघतो. चढताना इंजिन बंद पडलं तर तोच दांडा हवेला अडवतो आणि ग्लायडर नेहमीपेक्षा झपाट्याने खाली येतो. अँटारेस २०ई सारख्या इलेक्ट्रिक मोटरग्लायडरचा फायदा इथे कळतो. बॅटरीला हवा लागत नाही, मोटरची ताकद घटत नाही. पंख्याला मात्र विरळ हवाच कापावी लागते, त्यामुळे पूर्ण सुटका तिथेही नाही.

मग गार सकाळी का नाही उडायचं? कारण ग्लायडरला वर नेणारे उष्ण हवेचे झोत ऊन तापल्यावरच तयार होतात! सामेदानचं नशीब एवढंच, की उन्हाळ्यात दुपारी मालोया खिंडीकडून वारा सुटतो. तो ताशी २० किमीने समोरून आला, तर जमिनीवर ११३ ऐवजी ९३ च गाठावे लागतात.